भाऊसाहेब पाणघोडा यांच्या पुढील व्यवस्थेबाबत

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, व्यवसाय पूर्वी सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात गोष्ट सांगण्याचा आणि आता काही नाही, राहणार शिंप्याच्या दुकानावरचा पहिला मजला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. दडपण आणायला घरात दुसरे कोणी नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे सांगत कोणी कागद पुढे केला, तर तो कागद खोटा आणि माणूसही.

वकीलबाई म्हणाल्या, "काकू, आधी मनात येईल ते सगळं लिहून काढा, मी नंतर छाटते." त्यांनी छाटू नये, ही माझी पहिली विनंती. मी आयुष्यभर पानागणिक दोन ओळींची पुस्तके वाचली. एकदा तरी मला लांबलचक लिहू द्यावे.

घर, पैसा आणि सामान यांची वाटणी मला अवघड नाही. मृत्युपत्राचे मनात आले ते एकाच काळजीने: माझ्यामागे भाऊसाहेबांना कोण बघणार? ते माणूस नाहीत, कापडी पाणघोडा आहेत, हातात घालून चालवायची बाहुली. त्यांचे कलम पुढे येईल. ते मनासारखे लिहून झाले की मी मोकळी.

कलम १. राहत्या दोन खोल्या माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्याव्यात. तिने इथेच राहावे अशी अट नाही. विकाव्यात, भाड्याने द्याव्यात, तिची मर्जी. फक्त बाहेरच्या खिडकीची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते, हे नव्या माणसाला सांगावे.

भावाला का नाही, हे तो विचारील म्हणून लिहिते. आई आजारी पडली आणि तिच्यापाशी कोणी राहायचे असा प्रश्न आला, तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, तुझं काय, एकटा जीव सदाशिव." आई गेली आणि तिच्या बांगड्या कोणी घ्यायच्या असा प्रश्न आला, तेव्हाही तो म्हणाला, "तुला काय करायच्यात, एकटा जीव सदाशिव." एकच म्हण माणसाने दोन्ही बाजूंनी वापरू नये. भावाला घडीची खुर्ची द्यावी. वर्षातून एकदा तो येतो तेव्हा तिच्या कडेवर टेकतो आणि घड्याळाकडे बघत माझी चौकशी करतो. त्याच्यामुळे खुर्ची जवळजवळ नवी राहिली आहे.

कलम २. बँकेत जी काही शिल्लक असेल ती वाचनालयाच्या बालविभागाला, फक्त चित्रांच्या पुस्तकांसाठी. पंखे, फलक आणि उद्घाटने यांसाठी नाही. ही पुस्तके कुलपात ठेवू नयेत. मुलांच्या पुस्तकाचे कोपरे कुरतडलेले असले पाहिजेत. वर्षअखेरीला जे पुस्तक कोरे करकरीत राहील, ते निवडताना चूक झाली असे समजावे आणि निवडणाऱ्याला पुढच्या वर्षी चहापुरतेच बोलवावे.

कलम ३. घरातली पुस्तके दातांच्या डॉक्टरांकडे, बाहेरच्या बाकाशेजारी ठेवावीत. तिथे मुले जीव मुठीत धरून बसलेली असतात आणि बघायला भिंतीवर एका किडक्या दाताचे चित्र असते. वाचून दाखवणाऱ्याने एवढे करावे: पुस्तक छातीशी धरावे, चित्रे मुलांकडे, पाठ आपल्याकडे. पान वरच्या कोपऱ्यातून उलटावे, हात चित्रावरून नेऊ नये. मजकूर पाठ असावा, म्हणजे मुलांच्या तोंडांकडे बघता येते. आणि शेवट आला की आवाज चढवायचा नाही, उतरवायचा. अगदी कुजबुजीपर्यंत. मुले ढुंगणावर सरकत सरकत पुढे येतात आणि शेवट जवळ बसून ऐकतात. तो दुरून ऐकायचा नसतोच.

हातांना लागलेली ही सवय सुटत नाही. निवृत्त झाल्यावर घरी मी स्वतःसाठी पुस्तक उघडले तरी ते उलटेच धरले जाते. चित्रे समोरच्या भिंतीकडे, मी मलपृष्ठामागे. बऱ्याच वेळाने ध्यानात येते की समोर कोणी नाही. तरीही दर शनिवारी संध्याकाळी पाचला, म्हणजे गोष्टीच्या तासाला, मी भाऊसाहेबांना हातात घालून मोठ्याने वाचत आले. यंदाच्या हिवाळ्यात उजव्या हाताची बोटे आखडली, भाऊसाहेबांचे तोंड उघडेना, तेव्हापासून बंद आहे. याला कोणी वेड म्हणू नये. शुद्धीवर असल्याचे मी वर लिहिले आहे.

कलम ४. बाकीच्या बाहुल्या, म्हणजे एका डोळ्याचा कावळा, मोज्यांची सापमंडळी, घागरा उलटला की लांडगा होणारी म्हातारी, तसेच बटणांचा डबा, लोकर, सुया आणि डिंक, हे सगळे बालविभागात माझ्या जागी आलेल्या बाईंना द्यावे. बाई वाईट नाहीत, हौशी आहेत. पण भाऊसाहेब त्यांना मिळणार नाहीत. माझ्या निरोपाच्या दिवशी त्यांनी भाऊसाहेबांना हातात घातले आणि चिरक्या आवाजात ओरडल्या, "हॅलोऽऽ बच्चेकंपनी! कसे आहाऽऽत?" मुले चिडीचूप. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी रडायलाच लागली आणि म्हणाली, "हे ते नाहीत." मी भाऊसाहेबांना पिशवीत घातले आणि घरी घेऊन आले. वाचनालयाचा त्यांच्यावर हक्क पोहोचत नाही. ते माझ्या वडिलांच्या लोकरी कोटाचे शिवलेले आहेत.

कलम ५. खालच्या दुकानातले टेलरमास्तर यांना माझ्याकडून काहीही देऊ नये. मी निवृत्त झाले त्याच सुमारास त्यांनी ते दुकान घेतले. माझे शनिवारचे वाचन संपत आले, की हा माणूस गजपट्टीने छत ठोकत असे. ठक, ठक, ठक. एकट्या बाईने आपल्या घरात तासभर मोठ्याने वाचले तर याच्या सुईचे टोक मोडत होते का? मी खुर्ची आतल्या भिंतीशी नेली, आवाज आणखी खाली आणला. त्याने आणखी जोरात ठोकले. तेव्हापासून मी जिन्यात त्यांना बघून न बघितल्यासारखे करते आणि ब्लाउज शिवायला दोन चौक पलीकडे जाते. या हिवाळ्यात एका सकाळी त्यांचे दुकान अर्धा दिवस बंद दिसले, तर मला बरे वाटले. मनातले लिहायचे म्हणून हेही लिहिले.

कलम ६. भाऊसाहेब पाणघोडा. रंग राखाडी, पोट सुटलेले, डोळे कोटाच्याच बटणांचे, तोंड कोपरापर्यंत उघडणारे. एवढे मोठे तोंड, पण भाऊसाहेबांना आवाज नाही. ते फक्त कुजबुजतात, तेही ज्याच्या हातात असतील त्याच्याच कानात. मी कान द्यायचा, ऐकायचे, "काय म्हणता, भाऊसाहेब?" असे विचारायचे, मान डोलवायची, आणि मग मुलांना सांगायचे, की चौथ्या पानावरच्या त्या कोल्ह्याचा भाऊसाहेबांना भरवसा वाटत नाही. भाऊसाहेबांचा आवाज एकाही मुलाने ऐकलेला नाही, आणि प्रत्येक मुलाला तो माहीत होता. म्हणून तर ती चिमुरडी रडली.

त्यांना जो घेईल त्याने त्यांना बोलते करू नये आणि काचेत ठेवू नये. एवढ्या दोनच अटी आहेत आणि त्या पाळणारे माणूस मला सापडलेले नाही. भाचीला विचारले. ती फोनवर प्रेमाने म्हणाली, "अगं आत्या, मी शोकेसमध्ये ठेवीन, धूळसुद्धा लागू देणार नाही." वाचनालयाच्या चिटणिसांना विचारले. त्यांनाही काचपेटीच हवी, वर माझ्या नावाची पाटी. धूळ लागू न देणारे पुष्कळ आहेत. हात घालणारे कोणी नाही. हाताशिवाय भाऊसाहेब म्हणजे एका जुन्या कोटाची चिंधी, आणि ती चिंधी रिकाम्या घरात पडून राहील या विचाराने मला झोप लागत नाही. तूर्त असे लिहिते: भाऊसाहेब . . . . . . . . . . . यांना द्यावेत.

कलम ७. अंत्यविधी साधा करावा. भाषण करू नये, आणि करायचेच असेल तर बसून करावे. उभे राहून बोलणाऱ्याचे मुले ऐकत नाहीत. मोठी माणसेही ऐकत नाहीत, फक्त तसे दाखवत नाहीत.

येथपर्यंत लिहून मी वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सगळे वाचले, एक-दोनदा हसल्या, आणि म्हणाल्या, "आता दोन साक्षीदार आणा. ज्यांना यातलं काही मिळणार आहे त्यांच्यातलं कुणी चालणार नाही. नसलं कुणी तर माझे दोन कारकून सही करतील, रोजचंच आहे ते."

मी विचारले, "सहीवर काय लिहायचं असतं?"

"हेच, की आम्ही ह्या बाईंना ओळखतो आणि त्यांनी आमच्यासमोर सही केली."

मी म्हटले, कारकुनांनी मला आज पहिल्यांदा पाहिले. ओळखत नसताना ओळखतो असे त्यांनी का लिहावे? मला ओळखणारी दोन माणसे आणीन. वकीलबाई म्हणाल्या, "आणा की, घाई नाही." रस्त्याने घरी येताना मी माणसे मोजू लागले आणि जिना चढेपर्यंत माझे मोजून झाले. वाचनालयाच्या पुस्तकबांधणी विभागातली माझी मैत्रीण वारली. भाऊ आणि भाची यांना मृत्युपत्रातून मिळणार आहे, ते बाद. माझ्या गोष्टी ऐकलेली मुले शेकड्यांनी असतील, पण ती आता मोठी झाली. रस्त्यात दिसली तर मला ती ओळखू येत नाहीत, आणि त्यांना आठवतात ते भाऊसाहेब. त्यांच्यामागे कोण बसायचे ते नाही.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांना विचारले. चांगले गृहस्थ. लगेच तयार झाले, पेन काढले, आणि म्हणाले, "नाव काय लिहू तुमचं?" दर महिन्याला मी त्यांच्याकडे जाते. त्यांच्या वहीत मी 'रक्तदाब, पहिला मजला' आहे. म्हटले असो, रक्तदाब ओळखतो म्हणजे निम्मे माणूस ओळखलेच. दुसरा साक्षीदार कोण, असे त्यांनी विचारले. अजून ठरायचा आहे, असे मी म्हटले. ते म्हणाले, "अहो, तुमच्या खाली टेलरमास्तर आहेत की. सख्खे शेजारी."

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. आता पाय कोणाचे आणि धरणारी कोण, हे पुढे वाचून ठरवावे. मी खाली गेले. मास्तर कापड कापत होते. मला दारात पाहून त्यांनी कात्री ठेवली, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि उभे राहिले.

मी म्हटले, "मास्तर, एका कागदावर सही हवी होती."

"देतो की. बसा." त्यांनी स्टुलावरचे कापड उचलले. मग खाली बघत म्हणाले, "बाई, विचारू का नको असं झालं होतं. भाऊसाहेब गेले का हो?"

मला काही कळेना. "कोण भाऊसाहेब?"

"तुमचे. वरचे. हिवाळ्यापासून तुमचा आवाज येत नाही. मी समजलो काय ते. जिन्यात तुम्ही बोलत नाही, मग भेटायला तरी कसं यायचं? अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं, तेवढंच."

मी स्टुलावर बसले.  मास्तर बोलतच राहिले. दर शनिवारी त्यांना वरून ऐकू यायचे: बाई काहीतरी वाचतात, थांबतात, विचारतात, "काय म्हणता, भाऊसाहेब?" मग शांतता, मग बाई म्हणतात, "हो का? मलाही तसंच वाटलं." मास्तरांनी तर्क केला, की वर कोणी थोरले, अंथरुणाला खिळलेले गृहस्थ आहेत, आवाज गेलेला असावा, आणि बाई त्यांचे मन रमवतात. म्हणून पाच वाजले की ते शिलाई मशीन बंद करत. आजारी माणसाला खडखड नको.

"मशीन बंद करत होतात, तर मग छत कशाला ठोकत होतात?" मी विचारले. माझा आवाज चढला होता.

"शेवट ऐकू यायचा नाही ना! सगळी गोष्ट नीट ऐकू यायची आणि शेवटाला तुमचं पुटपुटणं सुरू. मी आपला ठोकायचो, म्हणजे जरा मोठ्यानं बोलाल. तुम्ही आणखी हळू बोलायचात. बाई, मी इतक्या गोष्टी ऐकल्या तुमच्या, पण एकीचाही शेवट मला माहीत नाही. ते अस्वल तर डोक्यातून जात नाही. एकटंच निघालं, एकटंच नदीवर गेलं, एकट्यानंच पूल ओलांडला, एकटंच डोंगरावर जाऊन बसलं. आणि पुढे काहीच नाही. नुसती शांतता. त्याला भेटलं का हो कुणी?"

 मी वर गेले आणि ते पुस्तक घेऊन आले. त्या पुस्तकात प्रत्येक चित्रात अस्वलाच्या मागून एक छोटासा उंदीर चालत असतो, लाल छत्री घेऊन. शब्दांत तो कुठेच नाही. मुले पहिल्या पानापासून ओरडत असतात, "मागे बघ! अरे, मागे बघ!" शेवटच्या पानावर शब्दच नाहीत. अस्वल मागे वळलेले आहे, एवढेच चित्र. जो फक्त ऐकतो त्याला हे कसे कळावे?

मी पुस्तक छातीशी धरले, चित्रे मास्तरांकडे, आणि पहिल्या पानापासून वाचले. दुसऱ्या पानावर त्यांना उंदीर दिसला. चौथ्या पानावर ते स्टूल ओढून पुढे सरकले. शेवटच्या पानाला मी गप्प बसले. त्यांनी चष्मा काढला, कापडाच्या तुकड्याने पुसला आणि परत घातला. "असं होय," म्हणाले. "पहिल्यापासून होता." मला रडू आले. मी ते आवरले नाही.

मग ते वर आले आणि मी त्यांना भाऊसाहेब दाखवले. मास्तर हसतील असे वाटले होते. त्यांनी आधी भाऊसाहेबांना उलटेपालटे करून शिवण पाहिली. "कापड उत्तम. अस्तर गेलंय, बदलून देतो." मग विचारले, "घालू का हात?" मी हो म्हटले. भाऊसाहेबांचे तोंड उघडले, मिटले. आता मास्तर चिरकणार असे मला वाटत होते. मास्तरांनी भाऊसाहेबांना आपल्या कानाशी नेले. बराच वेळ ऐकले. दोनदा मान डोलवली.

मला राहवेना. "काय म्हणताहेत?"

मास्तर गंभीरपणे म्हणाले, "म्हणताहेत, माणूस पहिल्यांदा घरी आलाय, चहाचं विचारा."

चहा झाला. बोलता बोलता ते म्हणाले, की आया माप द्यायला आत गेल्या की त्यांची मुले दुकानात रडून हैराण करतात, त्यांच्यापुढे भाऊसाहेबांना आणले तर चालेल का. चालेल म्हणजे काय! मी तेव्हाच कागद काढला. मास्तरांनीही खिशातले पेन काढले, सही करायची म्हणून. त्यांनी टोपण उघडले आणि मला वकीलबाईंचे शब्द आठवले. मी पेन त्यांच्या हातातून काढून घेतले.

यावरून पुढील दुरुस्त्या. कलम ५ रद्द. कलम ६ मधील मोकळ्या जागी "खालचे टेलरमास्तर" असे वाचावे. अटी त्याच. कलम ३ मधील पुस्तकांपैकी अस्वलाचे पुस्तक दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ नये, तेही मास्तरांचे.

वकीलबाईंनी तोड सुचवली: "काकू, बाहुली त्यांना आत्ताच देऊन टाका, मृत्युपत्रातून काढा, म्हणजे ते साक्षीदार होतील. प्रश्न मिटला." सल्ला बरोबर आहे आणि मी तो मानणार नाही. आत्ता दिले तर मास्तर भाऊसाहेबांना घेऊन खाली जातील. भाऊसाहेब वर राहिले तर मास्तरांना दर शनिवारी वर यावे लागेल. दुकानातल्या मुलांसाठी लागतील तेव्हा त्यांनी येऊन न्यावेत आणि परत आणून द्यावेत. जिना फार उंच नाही.

सही: (डाव्या हाताने केली आहे, उजवा दुखतो. सही माझीच.)

स्थळ: राहते घर, बाहेरची खोली. दिनांक: शनिवार, पाच वाजायच्या आत.

साक्षीदार पहिले: औषधवाले, कोपऱ्यावरचे दुकान. यांनी माझे नाव आता वहीत लिहून घेतले आहे. (सही)

साक्षीदार दुसरे: ही जागा मोकळी सोडली आहे. मला ओळखणारे जे एक माणूस निघाले, ते घेणाऱ्यांत गेले. आता आणखी कोणाशी तरी नव्याने ओळख करून घ्यावी लागेल, आणि माझा स्वभाव पाहता त्याला वेळ लागणार. दुसरी सही होईपर्यंत हे मृत्युपत्र लागू होत नाही, असे वकीलबाईंनी बजावले आहे. ठीक आहे. तोवर मला मरायला फुरसत नाही.